जुन्या व्हॅनला चार्जिंग पोर्ट कुठे बसवावा: वागळे इस्टेट ते रबाळे, कामाच्या नोंदी

४ मे २०२५

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याची जुनी पेट्रोल व्हॅन आम्ही ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात विजेवर करतोय. कँटीनचे क्रेट आणि पॅकिंगचं सामान या शेडमधून त्या शेडमध्ये न्यायचं, एवढंच तिचं काम. गेटबाहेर ती जाणार नाही. हे आधीच सांगतो, कारण रस्त्यावर चालवायच्या गाडीचा मामला वेगळा आहे. तिला एआयएस-१२३ या वाहन-मानकाप्रमाणे मंजुरी मिळालेलंच किट लागतं आणि बदल आरटीओत आरसीवर चढवून घ्यावा लागतो. तुमची गाडी तशी असेल तर पोर्टची जागा किटवाल्याला विचारल्याशिवाय पत्र्याला हात लावू नका.

मोटर बसली, कंट्रोलर चालू झाला, ७२ व्होल्टची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी मागच्या फ्लोअरवर लोखंडी पेटीत बसली. ३.३ किलोवॅटचा ऑनबोर्ड चार्जर पुढच्या सीटखाली गेला, जिथे पूर्वी इंजिन होतं. आता राहिला चार्जिंग पोर्ट. कोटेशनमध्ये त्याची एकच ओळ आहे: ‘जुन्या पेट्रोलच्या झाकणात इनलेट बसवणे’, मजुरी अर्ध्या दिवसाची.

गाडीची रचना लिहून ठेवतो, पुढे लागेल. मालवाहू बॉडी, पुढे दोनच सीट. नाक जवळजवळ सपाट. सरकतं दार फक्त डावीकडे, उजवीकडे ड्रायव्हरच्या दारामागे सलग बंद पत्रा. पेट्रोलचं झाकण डावीकडे, मागच्या चाकाच्या वर. इनलेट, म्हणजे पोर्टचं गाडीतलं तोंड, टाइप २ चं (एसी चार्जिंगचं) आणलंय, लॉकसकट ६,५०० रुपये. डीसी फास्ट चार्जिंग या बॅटरीला नको आहे, त्यामुळे खाली दोन जाड पिना असलेलं सीसीएस-२ घ्यायची गरज नव्हती. ते आकारानं बरंच मोठं असतं, जागा शोधताना हा फरक लक्षात ठेवा.

६ मे

पेट्रोलच्या झाकणाची जागा बाद.

माझा सहकारी नितीन यानं इनलेट नुसतं हातानं झाकणाच्या खाचेत धरलं, मी गन, म्हणजे चार्जिंग केबलच्या टोकाचा मुठीचा प्लग, लावली आणि सरकतं दार मागे ओढलं. दार वीतभर उघडलं आणि त्याची मागची कड थेट गनच्या मुठीवर येऊन थांबली. पूर्ण उघडलं की दार त्या झाकणावरूनच मागे जातं. पेट्रोल भरताना याचा त्रास नव्हता, कारण पंपावर पाच मिनिटं कोणी ते दार उघडत नाही. सरकत्या दाराच्या बाजूलाच टाकीचं झाकण असलेल्या बऱ्याच गाड्यांना झाकण उघडं असताना दार अडवणारी खिट्टी असते, ती याचसाठी. पण ही व्हॅन दुपारी जेवणाचे क्रेट उतरवल्यावर चार्जिंगला लागणार आणि त्याच वेळात धुतलेले क्रेट परत तिच्यात चढणार. दार अडवणारी खिट्टी लावली तर चार्जिंग होईल, काम थांबेल.

दुसरी अडचण केबलची. डावीकडच्या मागच्या कोपऱ्यातून पुढच्या सीटखालच्या चार्जरपर्यंत २३० व्होल्टची केबल न्यायची म्हणजे चाकाच्या कमानीवरून, मग सरकत्या दाराच्या खालच्या रुळाला वळसा घालून. साधारण चार मीटर. रुळाच्या आसपास सतत हलणारा भाग असताना तिथून केबल नेणं मला पटत नाही.

जुनी फिलर पाइप आणि टाकी काढून टाकली. झाकण वेल्डिंग करून बंद करायला अस्लमभाईंना दिलं, लांबी (पुट्टी) आणि रंगासकट १,८०० रुपये. घाई झाली असं नितीन म्हणतोय. मला वाटतं रिकामं भोक ठेवलं असतं तर आपण पुन्हा तिथेच वळलो असतो.

११ मे

दुसरे लोक पोर्ट कुठे देतात ते बघायला ठाण्यातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये चार्जरसमोर बसून राहिलो. जे दिसलं आणि जे आधीपासून माहीत होतं ते इथे एकत्र.

नेक्सॉन आणि टियागो: डावीकडे मागे, पेट्रोलचं झाकण असतं तिथेच. पेट्रोलच्या गाडीवरून बनवलेल्या गाडीला हे स्वस्त पडतं, बॉडीचे साचे बदलावे लागत नाहीत. पंच ईव्ही आणि कर्व्ह ईव्हीला मात्र टाटानं पोर्ट नाकावर नेला. क्रेटा इलेक्ट्रिक आणि त्याआधीची कोना, दोन्ही नाकावर. एमजी कॉमेटही नाकावर. झेडएस ईव्हीचा आधी लोगोच्या मागे होता, २०२२ च्या नव्या रूपात लोगोच्या बाजूला सरकला. महिंद्रा एक्सयूव्ही ४०० चा डावीकडच्या पुढच्या फेंडरवर. आयोनिक ५ आणि किया ईव्ही ६ चा उजवीकडे मागे. टेस्लाचा डावीकडे मागे, टेललॅम्पला लागून. पोर्शे टायकानला तर पुढच्या दोन्ही फेंडरवर एकेक आहे.

एकच बरोबर जागा असती तर इतक्या कंपन्यांनी इतक्या जागा निवडल्या नसत्या. प्रत्येक जागेमागे गाडी कशी उभी राहणार याचा एक अंदाज आहे. आपण डावीकडून चालतो, रस्त्याकडेला लावलेल्या गाडीची डावी बाजू फुटपाथला लागते. तिथे पोर्ट असला की गन लावणारा माणूस फुटपाथवर उभा राहतो, रहदारीत नाही. कोरियात उजवीकडून चालतात, तिथे आयोनिकची उजवी बाजू फुटपाथची. तीच गाडी तशीच इकडे आली की पोर्ट रस्त्याच्या बाजूला येतो. टेस्लाचा हिशोब आणखी वेगळा: त्यांच्या सुरुवातीच्या सुपरचार्जरची केबल मुद्दाम आखूड ठेवलेली, गाडी रिव्हर्समध्ये लावली की पोर्ट बरोबर खांबाशी येतो. म्हणजे त्यांनी पोर्ट आणि खांब एकत्रच ठरवले.

मॉलमध्ये मात्र खांब आधी बसवलेला, तोही दोन जागांच्या मधोमध भिंतीला. नेक्सॉन रिव्हर्समध्ये, क्रेटा नाकानं आत, आणि त्यांच्या शेजारच्या आयोनिकची केबल स्वतःच्याच डिकीवरून पलीकडे ओढलेली. ती केबल काढताना त्या गृहस्थांचा शर्ट काळा झाला.

तेव्हा उद्यापासून गाडीकडे बघणं बंद. रबाळ्याला जाऊन ती उभी कुठे राहते ते बघायचं.

१४ मे, रबाळे

शेड पत्र्याची, कँटीनला टेकून. व्हॅन नाकानं आत जाते, कारण मागून क्रेटच्या ट्रॉल्या येत असतात आणि तिथे रिव्हर्स घेणं धोक्याचं आहे. समोर भिंत आणि भिंतीवर डीबी, म्हणजे वीज वाटपाची पेटी. डावीकडे ट्रॉल्यांची वाट, १.८ मीटर. उजवीकडे साधारण ७० सेंटीमीटर जागा, मग शेडचे पाइपचे खांब आणि त्यांच्या पलीकडे उघडं गटार. पाऊस त्याच बाजूनं तिरका आत येतो, असं सिक्युरिटीवाल्यांनी सांगितलं.

व्हॅन मंदाताई चालवतात. कँटीनचं सामान त्यांच्याकडे, त्यामुळे गाडीही त्यांच्याकडे. उंची पाच फुटांना जरा कमी. आजवर पोर्टबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, “दादा, मला वाकायला लावू नका आणि गाडीला वळसा घालायला लावू नका. बाकी तुम्ही ठरवा.”

मेंटेनन्सचे पवारसाहेब नाकाच्या बाजूचे. कागदावर त्यांचं बरोबर आहे: डीबी समोर, गाडी नाकानं आत, केबल दोन पावलांची, कुणाच्या पायात येणार नाही.

१९ मे

डमी पोर्ट बनवला. हे प्रत्येकानं करावं, खर्च नगण्य. बारा मिलीमीटर प्लायचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर जुनं फुटकं टाइप २ इनलेट स्क्रूनं घट्ट, मागे चार मोठी चुंबकं. पत्र्यावर कुठेही चिकटतो आणि खरी गन त्यात खरी बसते. तो नाकावर, डाव्या हेडलाइटच्या वर लावून मंदाताईंकडे सोडला. वीज नाही, फक्त गाडी लावल्यावर गन लावायची आणि निघताना काढायची.

नाकावर जे निघालं ते असं:

भिंत जवळ येते. गनची मूठ आणि केबलचं वळण मिळून पत्र्यापासून ३५ सेंटीमीटर बाहेर येतात. मंदाताई सवयीनं गाडी भिंतीपासून फूटभर लावतात. गन लावायला गाडी परत मागे घ्यावी लागली. फरशीला भिंतीकडे किंचित उतार आहे, हँडब्रेक नीट ओढला नाही तर गनच भिंत आणि गाडीच्या मध्ये चेपणार.

आत खोली नाही. या गाडीत नाकाच्या पत्र्यामागे लगेच ड्रायव्हरचे पाय आहेत. इनलेटचा मागचा भाग आणि केबलचं वळण यांना साधारण १५ सेंटीमीटर लागतात. ते पायाच्या जागेतूनच जाणार. क्रेटा किंवा पंचसारख्या गाडीला बॉनेट असतं, तिथे ही खोली आयती मिळते. त्यांचं बघून सपाट नाकाच्या व्हॅनला पोर्ट देऊ नका.

आणि आवारातली गाडी सर्वात आधी कुठे ठोकली जाते? नाकावर. या व्हॅनच्या पुढच्या बंपरवर ट्रॉलीच्या दांड्याचे खळगे आहेत, एकाशेजारी एक.

पवारसाहेबांना डमीचे फोटो पाठवले. पायाच्या जागेचा फोटो बघून त्यांनी नाकाचा हट्ट सोडला.

२३ मे

डमी उजवीकडे, ड्रायव्हरच्या दाराच्या मागे. जमिनीपासून ८२ सेंटीमीटर.

मंदाताई उतरतात, दार लावतात, आणि जिथे उभ्या आहेत तिथेच गन. वाकणं नाही, वळसा नाही. त्याहून मोठी गोष्ट त्यांनीच दाखवली: निघताना गाडीत बसायला जाताना गन समोर दिसतेच. डाव्या बाजूची गन विसरून गाडी सुरू करता येते, ही विसरताच येत नाही. उंचीही त्यांच्याकडूनच ठरली. एक मीटरवर ओल्या केबलचं वजन खांद्यावर येत होतं, ७० वर पुढच्या चाकाचा चिखल उडत होता.

चार्जरपर्यंत केबल सव्वा मीटर. चार मीटरच्या तुलनेत हेच मला सर्वात जास्त आवडलं.

अडचणी दोन. उजवीकडे फक्त ७० सेंटीमीटर, त्यात ३५ गनचे. माणूस आडवा होऊनच जाईल. आणि पाऊस त्याच बाजूनं.

पहिलीचा उपाय पवारसाहेबांनीच सांगितला: फरशीवरची पिवळी रेघ ३० सेंटीमीटर डावीकडे सरकवा. ट्रॉलीची वाट दीड मीटर राहते, ट्रॉली ७५ सेंटीमीटर रुंद, दोन ट्रॉल्या एकमेकींना घासून पण जातात. रेघेच्या रंगाचे ४०० रुपये. पत्र्यातलं भोक सरकवता येत नाही, रेघ सरकवता येते. चार्जिंगचा बॉक्सही, म्हणजे गनची केबल ज्यातून निघते तो, समोरच्या डीबीजवळ न लावता उजवीकडच्या दुसऱ्या खांबावर लावायचा, म्हणजे केबल फरशीवर येणारच नाही.

पावसाचं मात्र पोर्टवरच निभवावं लागेल.

२५ मे

भोक पाडलं. आधी दाराच्या खांबावरच, म्हणजे दार जिथे लॉक होतं त्या उभ्या खांबावर, मार्किंग केलं होतं. अस्लमभाईंनी हात धरला. तो खांब बॉडीचा कणा आहे, आत दुहेरी पत्रा आहे, त्यात भोक पाडलं की बॉडी कमजोर. म्हणून १२ सेंटीमीटर मागे, एकेरी पत्र्यात. टेम्प्लेट चिकटवून चारही कोपऱ्यांना ड्रिल, मग जिगसॉ, मग कानस. पत्र्याचा आवाज कमी करायला आतून चिकटवलेला डांबरी थर आधी खरवडून काढा, नाहीतर जिगसॉचं पातं त्यात रुततं आणि तापून मोडतं. आमची दोन पाती गेली.

२७ मे

पाऊस काल मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. प्रायमरचं काम आम्ही पुढच्या आठवड्यात धरलं होतं. गाळा लहान, व्हॅन बाहेर उभी, भोकावर प्लॅस्टिक बांधलेलं. वाऱ्यानं प्लॅस्टिक सुटलं आणि सकाळी कापलेल्या कडेला नारिंगी गंज. कड पुन्हा घासली, झिंक प्रायमर मारला. अर्धा दिवस गेला. भोक पाडलं त्याच संध्याकाळी कडेला प्रायमर मारूनच घरी जायचं, मग ऊन असो नाहीतर पाऊस.

३० मे

इनलेट बसवलं, गन लावली, काढली. पत्रा डबडब वाजतो. गन ओढताना पत्रा बाहेर फुगतो, सोडली की आत जातो. असं रोज झालं तर स्क्रूभोवती रंगाला आधी तडे जाणार, मग पत्र्याला.

आतून तीन मिलीमीटरची लोखंडी पट्टी लावली, एका टोकाला दाराच्या खांबाच्या आतल्या फ्लँजला बोल्ट, दुसऱ्या टोकाला बॉडीच्या आडव्या बरगडीला. इनलेटचे चारही स्क्रू आता या पट्टीत जातात, बाहेरचा पत्रा फक्त रबर गॅस्केट दाबायला. आता पत्रा हलत नाही. पट्टी, कटिंग, वेल्डिंग मिळून ९०० रुपये. पाच मिलीमीटरचं गॅस्केट शीट नागदेवी स्ट्रीटवरून, केबल घट्ट धरणारे ग्लँड आणि तारेच्या टोकांचे लग लोहार चाळीतून आणले.

केबल तीन कोअरची, ४ चौरस मिलीमीटर तांब्याची, फ्लेक्सिबल पाइपमध्ये. १६ अँपिअरला अडीचची चालली असती, पण सव्वा मीटरमध्ये फरक किती पडणार, म्हणून जाड घेतली. अर्थची तार चार्जरच्या बॉडीला आणि चॅसिसला, दोन्हीकडे रंग खरवडून.

७ जून

पाण्याची चाचणी. गाड्या धुवायच्या पाइपनं पोर्टवर वरून, बाजूनं, खालून पाणी मारलं, झाकण बंद आणि उघडं, दोन्ही. वीज अर्थातच जोडलेली नव्हती.

झाकण बंद असताना आत कोरडं. झाकण उघडं ठेवून मारलं तेव्हा इनलेटच्या खोबणीत पाणी साचून राहिलं, पिनांच्या खालच्या कडेपर्यंत. इनलेटच्या तळाशी निचऱ्याची नळी असते. आम्ही ती पट्टीच्या वरून वळवून मग खाली नेली होती. त्या चढामागे पाणी थांबत होतं. नळी कापून थेट खाली आणली, कुठेही चढ नाही, शेवटचं टोक तिरकं कापून खालच्या सिलच्या बाहेर काढलं. पुन्हा पाणी मारलं, ओतलं तसं खालून बाहेर आलं.

इनलेट बसवताना निचऱ्याचं भोक सर्वात खाली येतंय ना, एवढं स्क्रू पिळायच्या आधी बघा. चौकोनी तोंड उलटंही बसतं.

झाकणावर दोन इंच बाहेर येणारा छोटा छज्जा बसवला, रिव्हेट आणि सीलंटनं. गन लावलेली असताना झाकण उघडंच असतं, पाऊस त्याच वेळी आत येणार.

१२ जून

चार्जिंग सुरू असताना गन कोणी ओढू नये म्हणून इनलेटला छोटी मोटर असलेला लॉक असतो. आज तो बंद स्थितीतच अडकला. गन निघेना. अशा वेळेसाठी लॉकला हातानं ओढायची दोरी असते. ती दोरी पट्टीच्या मागे, त्याच्यापुढे केबलचा पाइप, हात पोचतच नाही. शेवटी पट्टी सोडवून गन काढली, दुपार गेली.

लॉक अडकण्याचं कारण साधं: गन पूर्ण आत बसली नव्हती आणि खिट्टी तिरकी घुसली. असं पुन्हा होणारच, म्हणून दोरीची सोय केली. स्कूटरच्या ब्रेकची केबल आवरणासकट घेऊन ती दोरीला जोडली आणि ड्रायव्हरच्या सीटमागे छोट्या लाल मुठीला आणून सोडली. १५० रुपये. मंदाताईंना ओढून दाखवली, त्यांनी स्वतः ओढून बघितली.

पोर्टची जागा ठरवताना ही दोरी कुठून ओढणार ते आधी ठरवायला हवं. कुठल्याच रेखाचित्रात ती दाखवलेली नसते.

१६ जून

ही नोंद नीट वाचा.

गन लावलेली असताना गाडी पुढे जाता कामा नये. नितीननं ही अट कंट्रोलरमध्ये घातली होती: सीपी, म्हणजे कंट्रोल पायलटच्या तारेवर सिग्नल असेल तर मोटर बंद. चार्जिंगचा बॉक्स या तारेवर १२ व्होल्ट ठेवतो, गाडी जोडली की ते ९ होतात, चार्जिंग सुरू झालं की ६. चाकं जॅकवर उचलून तपासलं: गन लावली, ॲक्सिलरेटर दाबला, मोटर फिरली नाही. सगळे खूश.

मग मी एमसीबी पाडली. लाइट जाते तेव्हा नेमकं हेच होतं. गन तशीच पोर्टमध्ये. ॲक्सिलरेटर दाबला आणि चाकं फिरली.

बॉक्समध्येच वीज नसेल तर सीपीवर सिग्नल कुठून येणार? गाडीच्या मते गन लावलेलीच नाही. पावसाळ्यात लाइट गेली, घाईत कोणीतरी गाडी काढली, तर खांब, बॉक्स, केबल सगळं ओढत नेईल.

अट सीपीवरून काढून पीपीवर, म्हणजे प्रॉक्सिमिटीच्या पिनवर घातली. गनच्या आत पीपी आणि अर्थमध्ये एक रेझिस्टर असतो, त्याला बाहेरची वीज लागत नाही. गाडी आपल्याच बॅटरीवरून तो मोजते. १३ अँपिअरच्या केबलला १,५०० ओहम, २० ला ६८०, ३२ ला २२०. आमच्या गनवर मल्टिमीटरनं ६८० च्या आसपास आले. आता एमसीबी वर असो की खाली, गन आत असेल तर मोटर फिरत नाही. पीपीची तार तुटली तरी गाडीनं थांबावं म्हणून नितीननं उघड्या तारेचं रीडिंगही वेगळं ओळखायला लावलं, त्यासाठी इनलेटच्या बाजूला पीपी आणि अर्थमध्ये २.७ किलो ओहमचा एक रेझिस्टर घातला.

पोर्ट ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर आहे म्हणून ही अट सोडून देऊ नका. मंदाताई सुट्टीवर असतील तेव्हा गाडी दुसरं कोणीतरी काढेल.

२१ जून, रबाळे

व्हॅन टेम्पोत घालून ऐरोलीमार्गे नेली. खांबावर बॉक्स लावला, गन लावली, लाल दिवा. अर्थ नाही. खांबावरच्या नव्या पॉइंटचा अर्थ शेडच्या लोखंडाला जोडलेला होता, आणि शेडचं लोखंड कुठेच जमिनीत नीट गेलेलं नाही, पाया काँक्रीटचा. नवा अर्थिंगचा खड्डा कारखान्यानं करून दिला, ५,२०० रुपये. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, फक्त या लाइनला वेगळा. दिवा हिरवा झाला.

बॉक्सच्या मागे आणि वर पत्र्याचा आडोसा. गन अडकवायचा हूक पोर्टच्याच उंचीला, म्हणजे मंदाताईंना गन उचलावी लागत नाही, नुसती आडवी न्यायची.

९ जुलै, रबाळे

दोन गोष्टी.

एक, आतल्या बाजूनं इनलेटचा मागचा भाग सामानाच्या जागेत उघडा होता. क्रेटचा कोपरा लागून एक ग्लँड वाकला. दोन मिलीमीटर पत्र्याची पेटी करून झाकला, खाली निचरा आणि हवेसाठी भोकं, पेटीलाही अर्थ. १,१०० रुपये. पेटीमुळे एका क्रेटची जागा गेली. मालवाहू गाडीत पोर्ट बाजूच्या पत्र्यावर घेतला तर ही किंमत मोजावीच लागते, आधीच मालकाला सांगा.

दोन, निचऱ्याची नळी बंद. टोकात ओल्या मातीची छोटी, गुळगुळीत गोळी बसली होती. खिळ्यानं फोडली तर आत हिरवट अळ्या एकावर एक रचलेल्या. कुंभारीण माशीचं घर. नळी तिच्या मापाची, टोक आडोशाला, तिला अजून काय हवं. खोबणीत बोटभर पाणी साचलं होतं. टोकाला स्टीलच्या जाळीचा तुकडा क्लॅम्पनं बसवला. दर पंधरवड्याला जाळी बघायचं काम सिक्युरिटीच्या वहीत लिहून घेतलं.

२ ऑगस्ट

पाऊस भरपूर झाला, पोर्टमध्ये पाणी नाही, पिना स्वच्छ, पूर्ण भारावर चालवून हात लावला तर इनलेट कोमटच. मंदाताई चार्जिंगबद्दल आता काही बोलतच नाहीत, डब्यांच्या रॅकबद्दल बोलतात.

मापं देतो, हवी तर घ्या: इनलेटचा मध्य जमिनीपासून ८२ सेंटीमीटर, दाराच्या खांबाच्या मध्यापासून १२ सेंटीमीटर मागे, आत १५ सेंटीमीटर मोकळे, बाहेर ३५. गाडी आणि खांबामध्ये एक मीटर. केबल ५ मीटरची, त्यातली निम्मी हुकावरच राहते. पोर्टचा सगळा खर्च, इनलेट धरून, अर्थिंग सोडून, सव्वाचौदा हजारांच्या आसपास. कोटेशनमध्ये आठ धरले होते. वरचे पैसे आम्ही आणि कारखान्यानं अर्धे अर्धे घेतले.

त्याच कारखान्याची दुसरी व्हॅन विजेवर करायची ठरली आहे. तिला उजवीकडेही सरकतं दार आहे, त्यामुळे ही जागा तिला चालणार नाही. डमी तयार आहे. ती रात्री स्टोअरच्या मागे रिव्हर्समध्ये उभी असते, म्हणून सुरुवात मागच्या उजव्या टेललॅम्पच्या वरून करतोय.